जादा आकार

हिंगणीच्या माणसाला रेल्वेबद्दल कुणी काही शिकवू नये, असा माझा परवापरवापर्यंत समज होता. वास्तविक आमच्या हिंगणीला रेल्वेच नाही. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले, बोर धरणाच्या वाटेवरचे हे गाव. आगगाडी गाठायची तर आधी एसटीने सेलू रोड स्टेशन गाठावे लागते. पण ज्याच्या दाराशी गाडी येत नाही, त्यालाच गाड्यांची पारख अधिक! सेलू रोडला पॅसेंजर थांबते आणि मेल धूळ उडवीत निघून जाते. दक्षिणेकडच्या बऱ्याच गाड्या वर्ध्याला न येता सेवाग्रामवरूनच परस्पर वळतात, हे आम्हांला बाराखडीबरोबरच कळते. एम. ए. ची दोन वर्षे तर मी सेलू रोड ते नागपूर अशी सीझन पासावर काढली.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीने मला आणि बाबांना स्वित्झर्लंडला बोलावले. आई गेल्यापासून बाबा हिंगणीच्या घरातून हलत नव्हते. सारी हयात प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेला माणूस. बाहत्तराव्या वर्षी पासपोर्ट काढला तो केवळ लेकीच्या हट्टापायी. बहिणीने दोघांसाठी ‘स्विस ट्रॅव्हल पास’ काढून ठेवले होते. “दादा, सोबतचा कागद नीट वाच हं,” ती म्हणाली. आता मराठीच्या प्राध्यापकाला कागद वाचायला सांगायचे म्हणजे काय! देशभर रेल्वे, बस आणि बोट यांचा प्रवास, एवढे वाचून मी पास खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी कूर स्टेशनावर लालचुटूक ‘बर्निना एक्सप्रेस’ उभी होती. खिडक्यांच्या काचा पार छतापर्यंत चढलेल्या. आम्ही ऐटीत जाऊन बसलो. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. इतक्यात एक जोडपे हातात क्रमांकाची चिठ्ठी घेऊन समोर उभे राहिले आणि त्यांच्यामागून गाडीवरची बाई आली. तिने आमचे पास पाहिले, आरक्षणाची चिठ्ठी मागितली आणि ती नाही म्हटल्यावर अगदी अदबीने दाराकडे हात केला. डब्यातली सारी मंडळी आमच्याकडे पाहत होती. आम्ही पिशव्या सावरीत उतरलो, गाडी निघून गेली.

बाबा बाकावर बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग हलक्या आवाजात म्हणाले, “आपण विनातिकीट बसलो होतो का रे?”

शाळेचा खडूसुद्धा ज्यांनी कधी घरी आणला नाही, त्यांच्या तोंडचा हा प्रश्न. माझ्या साऱ्या विद्वत्तेला त्यावर उत्तर सुचेना. मी त्यांना घेऊन चौकशीच्या खिडकीशी गेलो.

तिथल्या बाईने शांतपणे समजावून सांगितले. पास हा प्रवासाचा हक्क. तो तुमच्याजवळ आहेच, भाडे भरलेले आहे. पण त्या गाडीत जागा राखून ठेवावीच लागते, आणि त्याचा आकार पासात धरलेला नसतो. तो त्या काचांचा आणि थाटाचा आकार म्हणा! मी हे मराठीत सांगत होतो तोच बाबा म्हणाले, “अरे, म्हणजे हा आपला सीझनचा पासच झाला नं! पास खिशात होता म्हणून तुला रिझर्वेशनच्या डब्यात बसू देत होते काय?”

दोन वर्षे ज्या पासावर शिकलो, त्याचाच धडा मी कूरला विसरलो होतो.

“साधी गाडी आहे की,” खिडकीतली बाई म्हणाली. “रूळ तेच. वाटेत एकदा बदला. जादा काही नाही.”

आणि वाचकहो, त्या साध्या गाडीच्या खिडक्या उघडत होत्या! १९१० साली पुरी झालेली ही बर्निनाची वाट मीटरभर रुंदीच्या रुळांवरून, दात्यांच्या रुळाची मदत न घेता, २,२५३ मीटरांपर्यंत चढते. मग ब्रुसिओच्या वर्तुळाकार पुलावर स्वतःभोवतीच गिरकी घेऊन इटलीतल्या तिरानोला उतरते. हिचा अंतर्भाव २००८ पासून जागतिक वारशात आहे. बाबांना मात्र त्या अरुंद रुळांवरून पुलगाव-आर्वीची, आता बंद पडलेली, अडीच फुटी गाडी आठवली. लहानपणी ते तिच्यातून मामाकडे जात. “डोके बाहेर काढले की आई ओरडायची, डोळ्यांत कोळसा जाईल म्हणून,” असे म्हणत त्यांनी बर्फाच्या वाऱ्यात खुशाल डोके बाहेर काढले. आई गेल्यानंतर त्यांना असे हसताना मी प्रथमच पाहिले.

परदेशी निघालेल्या मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे. पासाबरोबर गाडीची जात पाहावी. युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी १९५९ साली निघालेला युरेल पास जर्मनीतल्या बहुतेक जलद गाड्यांत नुसता दाखवून भागतो. पण फ्रान्सच्या टीजीव्हीला आणि इटलीच्या फ्रेच्चारोस्साला आरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि रात्रीच्या गाडीत निजायच्या जागेचे पैसे वेगळे. स्वित्झर्लंडातली ‘ग्लेशियर एक्सप्रेस’ही आरक्षणावाचून घेत नाही. युंगफ्राउयोखला जाताना स्विस पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच पुरा चालतो. त्यापुढे नुसती सवलत. जपानी पासावर ‘नोझोमी’ आणि ‘मिझुहो’ या सर्वांत वेगवान गाड्या पूर्वी मुळीच चालत नसत; ऑक्टोबर २०२३ पासून जादा आकार भरून चालतात. आणि घाई नसेल तर त्याच वाटेवरची साधी गाडी विचारावी. ती बहुधा असतेच.

हिंगणीला परतल्यावर बाबांनी तो पास शाळेच्या जुन्या वहीत जपून ठेवला आहे. कुणी स्वित्झर्लंडची हकिगत विचारली की ते आधी बर्फाबद्दल बोलत नाहीत. वही उघडतात, पासावरच्या तारखेवर बोट ठेवतात आणि सांगतात, “पास होता बरं का आपल्याजवळ. फक्त गाडी चुकली.”

गाडी कुणामुळे चुकली, ते मात्र त्यांनी अजून गावात कुणाला सांगितलेले नाही.