साठावा

आयझाया थॉमस, उंची पाच फूट नऊ इंच. 2011च्या ड्राफ्टमध्ये साठावा, म्हणजे अगदी शेवटचा. बॉस्टनसाठी 2016-17च्या मोसमात त्याची सरासरी 28.9 गुणांची होती. बचावात तो कच्चा, हे खरंच. (मी कॉलेजच्या संघात सर्वांत बुटका होतो, तेव्हा माझा कल उघड आहे.) पण ती बाजू ब्रॅडली, स्मार्ट, हॉरफर्ड सांभाळत, आणि संघ पूर्व विभागात पहिला आला. त्याच्याभोवती संघ बांधावा का, असं अजून विचारतात. अहो, बांधलेला होताच की! एप्रिलमध्ये बहीण अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी तो मैदानात. तिच्या वाढदिवशी 53 गुण. मग खुबा दुखावला. ऑगस्टमध्ये त्याला देऊन कायरी अर्व्हिंगला आणलं. तो हिशेब मला कळतो, पटत मात्र नाही. 2019मध्ये कायरीही निघून गेला.