मेथीचं माप

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात मेथीचा डबा मसाल्यांच्या फळीवर असला, तरी त्यातली बरीचशी मेथी औषधाच्या नावानेच संपायची. आजी नागपूरची. तिच्या मेथकुटात मेथी नावापुरती. बाकी सगळा कारभार हरभऱ्याच्या डाळीचा न् तांदळाचा. तापातून उठलेल्याला गुरगुट्या भात, मेथकूट आणि वर तूप. छत्तीसगढात तांदळाला काय तोटा! पोट बिघडलं की मात्र ती चिमूटभर दाणे दह्यासोबत गिळायला लावी. भिजलेली मेथी बोटांना बुळबुळीत लागते ना, तोच तिचा चिकट तंतुमय भाग आतड्यात पाणी धरून ठेवतो आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश सोडतो.

लेकीच्या बाळंतपणात लाडू मी वळले. मेथीचं पीठ आठवडाभर तुपात भिजत ठेवायचं, म्हणजे कडूपणा मरतो. मग खारीक, डिंक, सुकं खोबरं, गूळ. शेजारच्या छत्तीसगढी काकूंनी त्यांच्या रीतीचं कांके पानी आणि सुंठीचे लाडू धाडले. मेथीने दूध वाढतं यावर आमच्या बायकांचा ठाम विश्वास. संशोधनाचा कौल तेवढा ठाम नाही. वासाबद्दल मात्र वाद नको: लेकीच्या घामाला, बाळाच्या दुपट्यांना, सगळ्याला तो गोडसर वास. बालरोगतज्ज्ञांनी दुपटं नाकाशी धरलं आणि पहिला प्रश्न केला, “आई मेथी खातेय का?” मेपल सिरप युरिन डिसीज नावाच्या दुर्मिळ पण जिवावरच्या आजारात बाळाच्या लघवीला असाच वास येतो. मेथीतल्या सोटोलोनचा वासही तोच. 2005 पासून न्यूयॉर्ककरांना अधूनमधून हवेत मेपल सिरपचा वास यायचा; 2009 मध्ये माग लागला तो शेजारच्या न्यू जर्सीतल्या, मेथीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचा.

पुढे ह्यांना मधुमेह निघाला आणि तेलीबांधा तलावाच्या काठावर सकाळी फिरणारे सगळेच वैद्य झाले. रात्री चमचाभर भिजवा, सकाळी पाण्यासकट घ्या. प्रत्येकजण ‘संशोधनात सिद्ध झालंय’ म्हणायचा. झालंय खरं; हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांची साखर उतरली होती. पण तिथे दिवसाला 100 ग्रॅम, तेल काढलेल्या मेथीची पूड दोन जेवणांत वाटून दिली होती. चहाचा चमचा म्हणजे जेमतेम चार-पाच ग्रॅम! तेवढ्याने गोळी बंद करायला निघालेले लोक मी पाहिलेत, आणि गोळीही चालू, मेथीचा डोसही वाढवलेला, असेही. त्यांना साखर एकदम उतरून घाम फुटण्याची भीती.

फोडणीतल्या दाण्यांना कुणी भिऊ नये. मूठमूठ किंवा कॅप्सूल घ्यायची, तर ते औषधच. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. गरोदरपणात मोठी मात्रा नकोच. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काहींना मेथीही सोसत नाही, दोन्ही एकाच कुळातल्या.

मोडांची गोष्ट निराळीच. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या साथीत पन्नासहून अधिक माणसं गेली. तपास इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियाण्यापर्यंत, तिच्या कच्च्या मोडांपर्यंत पोचला. दोष मेथीचा नव्हे, बियाण्याबरोबर आलेल्या जंतूंचा. मोड आणणारी ऊबच त्यांनाही मानवते, आणि रायपूरच्या मे महिन्यात ती फुकट मिळते. त्यामुळे मोडाच्या मेथीची उसळ मी चांगली वाफवून शिजवते. कच्चे मोड सॅलडवर भुरभुरवायचं सुनेचं म्हणणं अजून मान्य झालेलं नाही.

गेल्या वर्षी ह्यांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी एक कागद भरायचा होता: चालू औषधे. ह्यांनी गोळ्यांची नावं लिहून पेन खाली ठेवलं. मी खाली भर घातली, ‘मेथी, रोज सकाळी, दोन चमचे’. भूलतज्ज्ञ हसतील असं ह्यांना वाटलं होतं. त्यांनी किती दिवसांपासून घेता ते विचारलं, गोळ्यांची यादी पुन्हा पाहिली आणि मेथी आधीच बंद करायला सांगितली. ह्यांनी कसनुसं तोंड केलं खरं, पण कडू पाणी चुकल्याचा आनंद काही लपेना.