सारा, पाळी आणि हजेरी

ख्रिस्ती कुटुंबात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर दोन शिकवणी फार लवकर पडतात. शेजाऱ्यावर स्वतःइतकीच प्रीती करावी, ही एक. आणि ज्यांच्या हाती राज्यकारभार आहे त्यांचा मान राखावा, कर बुडवू नये, कायदा मोडू नये, ही दुसरी. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे ख्रिस्ती उपासकांच्या लहान लहान समुदायांमध्ये, या दोन्ही गोष्टी मुलांना रविवारी शिकवल्या जातात. पण बहुधा वेगवेगळ्या रविवारी आणि वेगवेगळ्या सुरात. त्यामुळे त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मुलाच्या ध्यानी येत नाही. तो संबंध उलगडायला पुष्कळदा निम्मे आयुष्य जावे लागते. नीरा आणि भीमा या नद्यांच्या मधल्या या मुलखात गेली दोनशे वर्षे सरकार शेतसारा, कालव्याचे पाणी आणि पोलिसी कायदा अशा तीन रूपांनी माणसाच्या दाराशी येत राहिले आहे. म्हणून हा संबंध तपासून पाहायला याहून योग्य जागा शोधूनही सहज सापडणार नाही.

बालपणी शिकवण येते ती गोष्टीच्या रूपाने. लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी हा बहुतेक मुलांचा पहिला शेजारी असतो. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या एका वाटसरूला लुटारू अर्धमेला करून टाकून देतात; एक याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, आणि त्याच्या मागून आलेला एक लेवी, म्हणजे मंदिरसेवेचा वारसा असलेल्या वंशातला माणूस, त्याला पाहून वाकडी वाट करून निघून जातात; आणि यहुदी लोक ज्यांच्याशी रोटीव्यवहारही ठेवत नसत त्या शोमरोनी समाजातला एक प्रवासी मात्र थांबतो, जखमा बांधतो आणि उतारशाळेचा खर्चही स्वतः सोसतो. अडल्यानडल्याला मदत करावी, एवढा बोध मुलाला यातून मिळतो आणि त्या वयाला तो पुरतोही. मात्र ही गोष्ट एका शास्त्र्याच्या प्रश्नावर सांगितलेली होती, हे तेव्हा लक्षात येत नाही. आपला शेजारी कोणाला म्हणावे, म्हणजे या कर्तव्याची हद्द कुठे आखावी, हे त्या शास्त्र्याला हवे होते. येशूने हद्द आखून देण्याचे नाकारले आणि शेजारी होऊन दाखवले कोणी, असा उलट प्रश्न त्यालाच केला.

राज्यसत्तेविषयीची शिकवण येते ती नाण्याच्या प्रसंगातून. कैसर, म्हणजे रोमी सम्राट, याला कर द्यावा की नाही, असा पेच विरोधकांनी टाकला तेव्हा येशूने नाणे मागवून त्यावरचा मुखवटा कोणाचा, असे विचारले, आणि कैसराचे कैसराला व देवाचे देवाला चुकते करावे, असा निवाडा दिला. थोडे मोठे झाल्यावर याच विषयावरचे प्रेषित पौलाचे विवेचन वाचनात येते. इ.स. ५७ च्या सुमारास रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सांगतो की अधिकार देवाच्या व्यवस्थेतून आलेला असतो, अधिकारी लोकांच्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक असतो, आणि म्हणून ज्याला कर द्यायचा त्याला कर व ज्याला मान द्यायचा त्याला मान द्यावा. त्या वेळी रोमच्या गादीवर नीरो होता, आणि पुढे त्याच्याच कारकिर्दीत रोमी सत्तेने पौलाला मृत्युदंड दिला, अशी ख्रिस्ती परंपरा आहे. तेव्हा हे विवेचन कुणा चांगल्या राजाच्या भरवशावर लिहिलेले नव्हते, एवढे उघड आहे.

प्रौढ वाचकाला त्या अध्यायात आणखी एक गोष्ट दिसते. कराचा आणि मानाचा विषय संपतो न संपतो तोच पौल देण्याघेण्याचीच भाषा पुढे चालवतो: सगळी देणी फेडून टाकावीत, पण प्रीतीचे देणे कधीच फिटत नाही, आणि शेजाऱ्याला जिच्यामुळे अपाय होत नाही त्या प्रीतीतच नियमशास्त्र, म्हणजे मोशेने दिलेल्या आज्ञांचा संग्रह, पुरे होते. मूळ पत्रात अध्याय नव्हते, वचनांचे आकडे नव्हते. ती सोय पुष्कळ शतकांनंतरची आहे. रोममधल्या श्रोत्यांनी कर, मान आणि शेजारी हे तिन्ही विषय एका दमात ऐकले असणार. रविवारच्या शाळेत दोन ठिकाणी ठेवलेली शिकवण मुळात एकच होती, आणि तिची शेजाऱ्याची बाजू राज्यसत्तेच्या बाजूचे मोजमाप होती, असे म्हणायला येथे पुरता आधार मिळतो.

या मापाचा पहिला उपयोग शेतसाऱ्यावर करून पाहता येतो. पेशवाई संपल्यावर इंग्रज सरकारने पुणे जिल्ह्यात रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याकडून जमिनीची पाहणी करवली आणि मशागतीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाचा ५५ टक्के हिस्सा सरकारचा ठरवला. हिशेब कागदावर शास्त्रशुद्ध होता, पण मोजणीत चुका होत्या आणि दर अवर्षणी मुलखाला पेलणारा नव्हता. १८३० नंतरच्या काही वर्षांत वसुलीच्या जाचाने इंदापूरकडची माणसे जमिनी टाकून परागंदा झाली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यातच नवी पाहणी केली, जमिनीची प्रत पाहून आकार कमी केला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्यातली रयतवारी, म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्यात मध्यस्थ न ठेवणारी सारापद्धती, पुढे याच नमुन्यावर उभी राहिली. करदात्याने कर द्यावा, असे पौल सांगतो. पण देणे किती, हे ठरवणाऱ्या हातावरही तीच जबाबदारी पडते, याचा हा पुरावा आहे. प्रिंगलचा कर कायदेशीर होता आणि तरीही त्याने शेजाऱ्याचे घर मोडले.

तीस वर्षांची मुदत संपल्यावर आकार पुन्हा वाढला, कापसाची तेजी ओसरली, आणि १२ मे १८७५ रोजी बारामतीजवळच्या सुप्यात कुणब्यांनी सावकारांच्या पेढ्या फोडून कर्जरोख्यांची होळी केली. त्या दंगलीत मारहाण तुलनेने कमी आणि कागद जाळण्यावर भर अधिक होता. त्या रोख्यांवर दिवाणी न्यायालयाचे हुकूमनामे मिळत, म्हणजे कायदा सावकाराच्या बाजूने उभा होता. सरकारने दंगा मोडला, चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करून रोख्यामागच्या कर्जाचा खरा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला. ख्रिस्ती शिकवणीने जाळपोळीचे समर्थन केले नसते, हे खरे. पण ज्या कागदांना आग लागली त्यांच्यावर न्यायालयाचा शिक्का होता, याकडे डोळेझाक करूनही ती पुरी होत नाही.

दुसरा उपयोग पाण्यावर. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारामतीच्या शिवारात ऊस उभा राहिला. वरच्या गावांनी पाणी अडवून धरले तर खालच्या गावांना कोरडा पाट बघत बसावे लागते. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंते विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत घालून दिली, जिच्यात ऊस फेरपालटाने घ्यायचा आणि पाणी अधिक गावांत वाटायचे, असे बंधन होते. आज शेजपाळी, म्हणजे अर्ज केलेल्या शेतांना ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळी पाणी देण्याची रीत, हेच काम करते. मध्यरात्री खोरे आणि बॅटरी घेऊन दारे धरायला गेलेला शेतकरी, आपली वेळ संपली की कोणी पाहत नसतानाही चिखलाचा बांध घालून चारी बंद करतो आणि पाणी पुढच्या शेताकडे जाऊ देतो, तेव्हा नियमाचे पालन आणि शेजाऱ्यावरची प्रीती ही एकच कृती झालेली असते. कालव्याच्या शेपटाला असलेल्या इंदापूरच्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पौलाला कायद्याविषयी आदर का वाटत असावा, याचे उत्तर अशा ठिकाणी मिळते: नियम नसेल तर ज्याचे शेत वर त्याचेच पाणी.

तिसरा उपयोग अवघड आहे, आणि तोच या शिकवणीची खरी परीक्षा घेणारा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जातीजमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९११ च्या सुधारित कायद्याने त्यांना वसाहतींत, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या सेटलमेंटमध्ये, कोंडून ठेवण्याचा आणि मुलांना आईबापांपासून वेगळे काढून शाळांत घालण्याचा अधिकार सरकारला दिला. नोंद झालेल्या माणसाने नेमल्या वेळी हजेरी द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे आणि परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही, असा नियम होता. अशा वसाहतींचा कारभार सरकारने अनेक ठिकाणी मिशनरी संस्थांकडे सोपवला. बारामतीची वसाहत ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्ट या पंथाच्या मिशनकडे होती, आणि मिशनरी हेन्री स्ट्रटन यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे.

या व्यवस्थेकडे दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. मिशनच्या वसाहतींत शाळा होती, हाताला काम होते, आजाऱ्याची विचारपूस होती. ज्यांना गावकुसाजवळही फिरकू दिले जात नसे त्यांच्या मुलांना पाटीवर अक्षरे गिरवायला मिळाली. शोमरोन्याने जखमा बांधल्या, तसेच हे काम होते, आणि ते करणाऱ्यांच्या निष्ठेवर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्याच हातांत हजेरीचे पुस्तकही होते. सकाळी मुलाला धडा देणारी संस्था संध्याकाळी त्याच्या बापाची हजेरी घेत होती, आणि बाप एखाद्या सांजेला जागेवर नसला तर तो कायद्याने अपराधी ठरत होता. सरकारचा मान राखणे आणि शेजाऱ्याची सेवा करणे, या दोन्ही आज्ञा येथे एकाच आवारात, एकाच संस्थेकडून, मनापासून पाळल्या जात होत्या. राहून गेली होती ती तिसरी गोष्ट, म्हणजे ज्या कायद्याच्या आधाराने ही सेवा चालते तो कायदाच शेजाऱ्याला अपाय करतो आहे काय, हा प्रश्न. लुटल्या गेलेल्या वाटसरूची शुश्रूषा झाली, पण त्याच्या कपाळी लुटारू हा शिक्का कोणी मारला, हे विचारायचे राहिले.

असा प्रश्न विचारणे ख्रिस्ती माणसाला त्या काळी सुचलेच नसते, असेही म्हणता येत नाही. शेजारच्याच दौंड तालुक्यात, केडगावच्या मुक्ती सदनाची उभारणी करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या प्लेगच्या साथीत पुण्यातल्या सरकारी छावणी-रुग्णालयांत स्त्रियांची होणारी हेळसांड वृत्तपत्रातून उघड केली, आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती जाहीरपणे नाकारली तरी त्यांनी माघार घेतली नाही. रमाबाई राज्य उलथवायला निघाल्या नव्हत्या. साथीचा बंदोबस्त सरकारने करावा, हे त्यांना मान्य होते, पण तो बंदोबस्त दुबळ्यांच्या जिवावर आणि अब्रूवर उठत असेल तर तसे सांगणे त्यांना कर्तव्य वाटले. या वागण्याला शास्त्राचा आधारही आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र आणि त्याचे सोबती न्यायसभेपुढे सांगतात की माणसाची आज्ञा देवाच्या आज्ञेच्या आड आली तर देवाची पाळावी लागेल. त्याच पुस्तकात पौलही फिलिप्पै येथे चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले गेल्यावर, गुपचूप सोडून देऊ पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना ठणकावून सांगतो की आपण रोमी नागरिक आहोत, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर काढावे. अधिकाराचा मान राखा, असे लिहिणाऱ्यानेच अधिकाऱ्याला त्याच्या कायद्याची आठवण करून दिली होती, आणि या दोन गोष्टींत त्याला विसंगती वाटली नव्हती.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. तो दिवस आता विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, आणि महाराष्ट्रात १४ जमाती विमुक्त जाती म्हणून नोंदल्या आहेत. पण कागदाचा फेरा संपला नाही. विमुक्त असल्याचा दाखला मिळवायचा तर घराण्याचे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे राज्यातले वास्तव्य सिद्ध करावे लागते. जमिनीचा उतारा नाही, शाळेचा दाखला नाही, पालावर जन्मलेल्याची जन्मनोंद नाही, अशा कुटुंबाला हा पुरावा गोळा करताना तहसील कचेरीच्या किती खेपा घालाव्या लागतात, हे त्या कचेरीच्या ओट्यावर अर्धा दिवस काढला तरी समजते. ज्यांच्या आजोबांची रोज न चुकता नोंद होत होती, त्यांच्या नातवाला नोंद नाही म्हणून परत पाठवले जाते.

उतारवयाकडे झुकलेल्या ख्रिस्ती माणसाला ही शिकवण पुन्हा वाचताना आपली जागा बदललेली आढळते. रोमच्या मंडळीतल्या श्रोत्याला सम्राट निवडता येत नव्हता, कायदा करता येत नव्हता. कर देणे, मान राखणे आणि राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करणे एवढेच त्याच्या हाती होते. बारामती-इंदापूरच्या मंडळ्यांतून मात्र शिक्षक, परिचारिका आणि कारकून निघाले, ग्रामसभेत हात वर करणारे आणि मतपेटीपाशी जाणारे नागरिक निघाले. १९५० च्या संविधानाने सत्तेचा उगमच जनतेत ठेवल्यामुळे ज्या अधिकाराचा मान राखायचा त्याचा एक लहानसा वाटा आता राखणाऱ्याच्याच हाती आहे. दाखल्याच्या अर्जावर सही करणारा, शाळेत नाव घालणारा, दवाखान्यात केसपेपर काढणारा हात हा पौलाच्या भाषेत लोकांच्या हितासाठी नेमलेल्या सेवकाचा हात आहे, आणि समोर उभा असलेला विमुक्त समाजातला पारधी किंवा कैकाडी हा त्याचा शेजारी आहे. कर भरून आणि नियम पाळून या शिकवणीचा अर्धा भाग फिटतो. उरलेला अर्धा फिटायचा तर जो नियम शेजाऱ्याला नडतो तो बदलून मागावा लागतो. आणि मागण्याचा हक्क असताना तो न वापरणे म्हणजे, आज्ञाधारकपणाचे कितीही कौतुक झाले तरी, शेजाऱ्याचे देणे बुडवणेच होय.