सहीची गिटार

गेले तीन आठवडे आमच्या घरात एकच विषय चालू आहे. पंतप्रधान नाही, पाणीकपात नाही, सोसायटीची लिफ्ट तर नाहीच नाही. विषय आहे गिटार. आणि त्यातही साधी नव्हे, इलेक्ट्रिक. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. माझं संगीताचं ज्ञान आकाशवाणीच्या पलीकडे गेलेलं नाही. तरीही या प्रकरणात मला न्यायाधीश व्हावं लागलं, कारण तिजोरीची किल्ली माझ्याकडे होती.

त्याचं असं झालं. आमच्या सौ.ने जाण्यापूर्वी नातवाच्या नावाने पोस्टात पन्नास हजार ठेवले होते. "तो अठराचा झाला की त्याला हवं ते घेऊ दे, तुम्ही मध्ये शिकवू नका," असं मला बजावलेलं. (शेवटचे चार शब्द तिच्या संपूर्ण संसाराचं सार होते म्हणा ना!) ती जाऊन चार वर्षं झाली. नातू यंदा अठराचा झाला आणि त्याने गिटार मागितली. चिरंजीवांचं म्हणणं, लॅपटॉप घ्यावा. सूनबाई तटस्थ. मी म्हटलं, आजीचा शब्द आहे, गिटारच येईल.

पण कुठली? इथे खरी गंमत सुरू झाली. दोन गिटारी त्याच्या मनात भरल्या होत्या आणि दोन्ही 'सिग्नेचर' होत्या. मला वाटलं, सचिनने सही केलेली बॅट असते तसं काहीतरी असेल, काचेच्या कपाटात ठेवायचं. नातू हसला. "आजोबा, सही म्हणजे पेनाची नाही. त्या वादकाला जशी हवी तशी कंपनीने बनवलेली. त्याच्या हाताच्या मापाची मान, त्याला हवे ते पिकअप. मग तेच मॉडेल सगळ्यांना विकतात."

ही पद्धत जुनी आहे म्हणे. अमेरिकेत गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉल नावाच्या वादकाच्या नावाने इलेक्ट्रिक गिटार काढली, ती अजून त्याच नावाने विकली जाते. आणि मग मला आठवलं की आपल्याकडेही हे आहेच की! आमचे एक मेहुणे फार वर्षांपूर्वी सतार घ्यायला मिरजेला गेले होते, मी सोबत होतो. तिथे सतारमेकरांच्या गल्लीत पहिला प्रश्न आला, "रविशंकर की विलायत खाँ?" मेहुण्यांना वाटलं रेकॉर्ड विचारतोय. रविशंकरांच्या पद्धतीच्या सतारीला खालच्या खर्जाच्या तारा असतात, नक्षीकाम भरपूर, आणि वरच्या बाजूला बहुधा दुसरा भोपळा. विलायत खाँसाहेबांनी त्या खर्जाच्या तारा काढून टाकल्या, कारण त्यांना सतारीतून गाणं काढायचं होतं. ती सतार दिसायला साधी. भोपळे पंढरपूरकडचे, कारागीर मिरजेचे, पण वाद्य कुणाच्या तरी हाताचं. (या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फार बरं वाटलं.) मेहुण्यांनी तेव्हा कुठली घेतली ते विचारू नका, ती पुढे माळ्यावर गेली.

असो. तर नातवाच्या दोन गिटारी. दोन्ही आयबानेझ या जपानी कंपनीच्या. नाव स्पॅनिश, कंपनी नागोयाची! एक जो सॅट्रियानी या वादकाच्या नावाची, जेएस. ती वसईचा एक मुलगा विकत होता, कॅनडाला निघाला होता म्हणून. दुसरी स्टीव्ह वाय याच्या नावाची, जेम ज्युनियर, इंडोनेशियात बनलेली, नवी कोरी, दुकानातली. जुनी जेएस आणि नवी जेम, दोन्ही साठ हजारांच्या आसपासच येत होत्या. वरचे दहा माझ्या पेन्शनमधून.

फरक काय, तर जेएस दिसायला गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखी. २२ पडदे, मान जरा भरलेली आणि गोलसर, दोन पिकअप. जेमला २४ पडदे, मान पातळ आणि सपाट, तीन पिकअप, पट्टीवर वेलबुट्टी, आणि अंगाला चक्क पकडायला एक भोक! त्याला 'मंकी ग्रिप' म्हणतात. डबा उचलावा तशी गिटार उचलायची. मला हे पाहून हसूच आलं. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वर पोलादी तार थरथरली की खाली वीज निर्माण होते आणि ती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाते. म्हणून नायलॉनच्या तारा हिला चालत नाहीत. हे मला आमच्या शाळेतल्या निवृत्त विज्ञानाच्या बाईंनी फोनवर समजावलं, अर्धा तास.

पण माझं मत पिकअपवर ठरलं नाही. ते ठरलं एका माहितीवर, जी नातवाने जाता जाता सांगितली. "हा सॅट्रियानी या वायचा सर होता."

मी ताठ बसलो. म्हटलं, नीट सांग.

सॅट्रियानी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा, जन्म १९५६चा. जिमी हेंड्रिक्स हा मोठा गिटारवादक १८ सप्टेंबर १९७० ला वारला, तेव्हा हा शाळेत फुटबॉलच्या सरावाला होता. बातमी कळताच त्याने प्रशिक्षकाला सांगितलं, मी खेळ सोडला, मी गिटार वाजवणार. दोनतीन वर्षांत तो दुसऱ्यांना शिकवायलाही लागला. त्याच्याकडे बारातेरा वर्षांचा स्टीव्ह आला, एका हातात बिनतारांची गिटार आणि दुसऱ्या हातात तारांचं पाकीट घेऊन. म्हणजे तारा लावायच्या कशा इथपासून सुरुवात. गुरू शिष्यापेक्षा चार वर्षांनीच मोठा. आणि पुढे शिष्य आधी प्रसिद्ध झाला! फ्रँक झप्पासारख्या संगीतकाराच्या रचना ऐकून स्वरलिपीत उतरवण्याचं काम त्याला मिळालं, मग त्याच्याच वाद्यवृंदात जागा. १९८६ मध्ये तो मोठ्या रॉक गायकाबरोबर जगभर गाजत होता आणि मुलाखतींमधून सांगत होता की माझे सर ऐका. सरांची 'सर्फिंग विथ द एलियन' ही गाजलेली तबकडी १९८७ची, आणि शिष्याच्या नावाची जेम गिटारही १९८७चीच. सरांच्या नावाची त्यानंतर आली. २०२४ मध्ये दोघांनी मिळून अमेरिकेत दौरा केला. म्हणजे पन्नास वर्षं झाली!

मी तिथल्या तिथे निकाल दिला. गुरूची घ्यायची. यात विचार काय करायचा? आधी गुरू, मग शिष्य. शिवाय गुरूची साधी आहे, सोज्वळ आहे, भोकबिक नाही. नातू काही बोलला नाही. तो अशा वेळी बोलत नाही, आजीवर गेलाय.

रविवारी आम्ही वसईला गेलो. भाईंदरहून नायगाव आणि मग वसई, दोनच स्टेशनं. त्या मुलाने गिटार फार जपली होती. नातवाने अर्धा तास वाजवली. छान वाजवली. मला तर वाटलं, आता पैसे द्यावेत. पण नातू म्हणाला, "दुसरीही एकदा हातात घेऊन बघू?" मी जरा चिडलोच. म्हटलं, अरे मी सांगितलं ना तुला, ही चांगली आहे.

परत येताना खाडीचा पूल आला. भाईंदर जवळ आलं की मिठागरं दिसतात, आता पूर्वीइतकी नाहीत. मी खिडकीपाशी होतो. आणि मला एक मुलगा आठवला.

साल १९८८ असावं. इयत्ता आठवी. मी मुलांना निबंधाचा नमुना फळ्यावर लिहून देत असे. मुलांना मार्क पडत, पालक खूश, मुख्याध्यापक खूश. 'पावसाळ्यातील एक दिवस'. सुरुवात काळ्या ढगांनी, मग मोराचा पिसारा, मध्ये कागदाच्या होड्या, शेवटी गरमागरम भजी. त्या मुलाचे वडील मिठागरावर होते. त्याने लिहिलं की पाऊस आला की मीठ विरघळतं, म्हणून आधी घाईघाईने ढीग झाकतात. मग काम बंद होतं. मग बाबा गावाला जातात आणि आई दुकानदाराला वही दाखवते. पावसाळ्यात आमच्या घरात मीठसुद्धा ओलं असतं, असं त्याचं शेवटचं वाक्य होतं. एवढंच, पाऊण पान.

मी त्याला दहापैकी चार दिले. खाली लाल शाईने लिहिलं, 'नमुन्याप्रमाणे नाही. सौंदर्य नाही.' आणि खाली माझी सही, वळणदार. वर्गात दुसऱ्याचा, मोरवाला निबंध वाचून दाखवला.

सहामाहीला त्याने मोर घातला, होड्या घातल्या, भजीही घातली. मी आठ दिले. त्याच्या पाठीवर थापसुद्धा मारली. तो पुढे कायम माझ्या नमुन्याप्रमाणेच लिहीत राहिला आणि मला त्याचं समाधान वाटत राहिलं. दहावीनंतर कुठे गेला, कळलं नाही. त्याचे पहिल्या निबंधातले सगळे शब्द मला आजही आठवतात. मोरवाल्या निबंधातला एकही आठवत नाही, आणि तो तर मीच लिहून दिला होता!

भाईंदर आलं. फलाटावर मी नातवाला विचारलं, "त्या वायचं वाजवणं त्याच्या सरांसारखं आहे का रे?"

"छे! अजिबात नाही. दोन सेकंदांत कळतं कोण कुठला ते."

"आणि सरांना चालतं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की काय विचारताय आजोबा. चालायला काय झालं?

पुढच्या शनिवारी आम्ही मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावाला गेलो. मेट्रो सिनेमाच्या आसपास वाद्यांची दुकानं आहेत. त्यातलं फुर्टाडो तर १८६५ पासूनचं. एके काळी त्या भागातून आमच्या उत्तनच्या ख्रिस्ती कुटुंबांत व्हायोलिनं यायची, हे मला एका सहकाऱ्याने सांगितलं होतं. आम्ही जिथे गेलो त्या दुकानात पोराने जेम काढून नातवाच्या हातात दिली. नातवाने आधी अ‍ॅम्प्लिफायर लावायला नकार दिला. नुसतीच, कोरडी वाजवली. विजेशिवाय ती गिटार फारच हळू वाजते, मच्छर गुणगुणल्यासारखी. मी जवळ स्टूल ओढून बसलो.

आता मला संगीतातलं कळत नाही हे कबूल. पण मी छत्तीस वर्षं मुलांचे हात पाहिले आहेत. पाठ केलेलं लिहिणाऱ्या मुलाचा हात एका गतीने चालतो. स्वतःचं लिहिणारा मध्येच थांबतो, खोडतो, पुन्हा लिहितो. वसईला नातू न थांबता वाजवत होता, सॅट्रियानीचेच तुकडे, अगदी हुबेहूब. इथे तो सारखा अडखळत होता. एकच चार सुरांची ओळ घेऊन बसला होता, ती कुठल्याच रेकॉर्डवरची नव्हती. वीसेक मिनिटं झाली. दुकानातला पोरगा कंटाळून मोबाइल पाहायला लागला.

"सांग बाबा, काय करायचं?" मी विचारलं. मध्ये शिकवू नका, हे आठवून पुढचं गिळलं.

"आजोबा, ती चांगली आहे. खरंच चांगली आहे. पण ही हातात बसते."

मग मंकी ग्रिपवाली गिटार आली घरी. एवढ्या गर्दीच्या लोकलमध्ये ती पेटी उभी धरून आम्ही आलो, अंधेरीला एका बाईंनी विचारलं, "बाजा है क्या?" चिरंजीवांनी किंमत ऐकून एक दीर्घ श्वास घेतला आणि जेवायला बसले. सूनबाईंनी आजीच्या फोटोसमोर पेटी ठेवली, हळदकुंकू लावलं. पेटीवर डाग पडेल म्हणून नातू कुरकुरला, पण लावू दिलं. हेडफोन लावून वाजवायचं अशी अट आहे, त्यामुळे शेजारी शांत आहेत. आम्हाला फक्त टकटक ऐकू येते.

वसईच्या मुलाला नातवाने फोन करून नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, काही हरकत नाही, विरारचा एक जण येतोय बघायला.

काल नातू मार्कर घेऊन आला. "आजोबा, पेटीवर माझं नाव लिहून द्या ना, तुमचं अक्षर चांगलं आहे." मी टोपण काढलं, चष्मा पुसला, पहिलं अक्षर कुठे घ्यावं याचा अंदाज घेतला. मग मार्कर त्याच्याच हातात दिला.

अक्षर भयंकर आहे त्याचं. वेलांटी तर उलटीच काढलीय.