गाडीवर कॅमेरा नेताना



पेजवरचे फोटो बघून बरेच जण विचारतात, "दादा, एवढा महागाचा कॅमेरा मोटरसायकलवर कसा नेता?" प्रश्न साधा वाटतो, पण आमच्या वस्तीवरच्या एका पोराची अख्खी लग्नसराई त्यापायी फिसकटली. म्हणून आज पिकाचं बाजूला ठेवून यावरच लिहितो.

पोरगं लग्नाच्या ऑर्डरी घेतं. आईनं कालवड विकून थोडे पैसे दिले, उरलेले हप्त्यावर. आमचं नरसिंहपूर म्हणजे नीरा-भीमेच्या संगमावरचं टोक. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. त्यामुळं कामं अकलूज, टेंभुर्णी, बावडा, इंदापूर अशी चहूकडं. एसटीच्या वेळा मुहूर्ताला जुळत नाहीत, गाडीशिवाय इलाज नाही. हा गडी कॅमेऱ्याला लेन्स लावलेलीच ठेवायचा आणि बॅग मागच्या कॅरिअरला रबरानं आवळायचा. तो कधी पडला नाही, बॅगही पडली नाही. तरी ऐन वैशाखात लेन्सचा फोकस लागेना. दुरुस्तीला पुण्याला पाठवली, ती यायला तीन आठवडे. दोन ऑर्डरी हातच्या गेल्या. हप्ता काय कुणासाठी थांबत नाही.

न पडता वस्तू मोडते कशी? नटबोल्ट ज्यानं आवळलेत त्याला हे सांगायला नको. पेरणीयंत्र दिवसभर चाललं की संध्याकाळी बोल्ट सैल झालेले असतात. लेन्समध्ये तर त्याहून कितीतरी बारीक स्क्रू असतात. शिवाय हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून आत एक काच लोहचुंबकाच्या जोरावर वर-खाली, डावी-उजवीकडं सरकते. इंजिनाची थरथर चॅसीतून कॅरिअरला येते आणि तिथून थेट त्या नाजूक भागाला. खड्ड्याचा धक्का एकदाच बसतो, थरथर मात्र तासभर चालूच असते.

आणि हे फक्त मोठ्या कॅमेऱ्याचं नाही. ॲपल कंपनीनं २०२१ च्या सप्टेंबरात स्वतःच सूचना काढली होती, की मोटरसायकलच्या जोरदार थरथरीनं आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता आणि फोकस बिघडू शकतो, म्हणून फोन थेट हँडलला अडकवू नका. ज्यांच्या गाडीची थरथर कमी आहे त्यांनीही थरथर शोषणारा स्टँड वापरावा, असंही त्यात होतं. आपल्यातल्या निम्म्या लोकांचा फोन रस्ता बघायला हँडललाच असतो. पिकाचं नुकसान झालं की फोटो लागतो. तेव्हा फोकसच लागला नाही तर काय करणार? फोन खिशात ठेवा, रस्ता माणसाला विचारा.

आता उपाय. खरं तर ते आपल्याला आधीच येतात. डाळिंब बाजारात पाठवताना आपण काय करतो? खाली कात्रण घालतो, फळाला फळ घासू देत नाही, आणि पेटीत मोकळी जागा ठेवत नाही. कॅमेऱ्याचं तेच आहे.

लेन्स काढून वेगळी ठेवायची. जड लेन्स लावलेली राहिली की सगळा झटका जोडावर येतो. दोन्हीला झाकणं लावा, प्रत्येकाला फोमचा वेगळा कप्पा करा. बॅग भरली की हलवून बघा, वस्तू जागची सरकता कामा नये. काही नव्या कॅमेऱ्यांत बंद असताना आतला सुटा भाग खुळखुळतो. तो बिघाड नाही, घाबरू नका.

बॅग पाठीवर घ्यायची, दोन्ही पट्टे घालून, छातीचा पट्टा लावून. माणसाची कंबर आणि गुडघे म्हणजे फुकटचे शॉकअप. खड्डा आला की रकिबावर जरा उठा. पण ट्रायपॉडसारखी टणक वस्तू पाठकण्याला लागून ठेवू नका. पडलात तर कॅमेऱ्याआधी मणका जाईल. ट्रायपॉड गाडीच्या लांबीत सीटच्या बाजूला बांधा, आडवा नको. गळ्यात कॅमेरा लटकवून तर चालवूच नका, पट्टा हँडलला अडकतो.

धूळ हा दुसरा वैरी. कारखाने सुरू झाले की रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागं फुफाटा. चेन लावली तरी धूळ आत जाते, म्हणून कॅमेरा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत. रस्त्याकडेला उभं राहून लेन्स बदलायची नाही. पाचट पेटलेलं असेल तिथं तर नाहीच.

पाऊस तिसरा. घरात खताची रिकामी पिशवी असतेच, पण ती कॅमेऱ्याला वापरू नका. खताचा कण पाणी ओढतो आणि धातू खातो. साधा स्वच्छ पॉलिथिनचा कागद बरा. भिजून घरी आलात तर सगळं बाहेर काढून आधी बॅग वाळवा. ओल्या बॅगेत लेन्स राहिली की काचेवर बुरशी धरते, द्राक्षावर भुरी येते तशी. आणि ती पुसून जात नाही.

थंडीत भिगवणला रोहित पक्षी बघायला पोरं पहाटेच निघतात. आषाढीला तुकोबांच्या पादुकांचं नीरा स्नान टिपायला सराटीला गाड्यांची रांग लागते. त्या सगळ्यांना एकच सांगणं, निघताना अर्धा तास हातात ठेवा. अंधारात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली पुढं उभी असली तर फोमची बॅग काही करू शकत नाही. हेल्मेट आधी, कॅमेरा मग.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. काम झालं की मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून काढून डबीत घालायचं आणि डबी शर्टाच्या आतल्या खिशात. कॅमेरा गेला तर कर्ज काढून दुसरा घेता येतो. लेकीची पाठवणी करताना बापाचा टिपलेला चेहरा परत मिळत नाही. पुरानं वाहून गेलेल्या बांधाचा पहिल्या दिवशीचा फोटोही नाही.