झिजलेल्या चाली

कोणत्याही कलेच्या दरबारात जाणकारांचा एक मानकरी वर्ग असतो आणि या वर्गाला लोकप्रियतेचे मोठे वावडे असते. जी चाल रस्त्याने जाणारा कोणीही गुणगुणू लागला, ती जाणकारांच्या मनातून उतरलीच म्हणून समजावे. संगीताचे दर्दी तर या बाबतीत फारच सोवळे. या सोवळेपणाचा मला राग नाही. रसिकता म्हटली की थोडेबहुत सोवळे आलेच. परंतु आयर्लंडात काही वर्षे वास्तव्य असताना तेथील पानगृहांत जे वादन ऐकावयास मिळाले, त्यावरून झिजून गुळगुळीत झालेल्या चालींच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे असे मला वाटू लागले, आणि ते वाचकांपुढे मांडावे असे फार दिवस मनात आहे.

तिकडे ज्याला पब म्हणतात ते नुसते मद्यपानाचे ठिकाण नव्हे. गावच्या बातम्या, लग्नाच्या वाटाघाटी आणि राजकारणाचे वादविवाद यांचा तो चव्हाटाच असतो. आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी त्याच्या एका कोपऱ्यात पाच-सात वादक टेबलाभोवती तोंडे आत करून बसतात. या बैठकीला ‘सेशन’ असे नाव आहे. कोणाच्या हाती फिडल, म्हणजे आपले व्हायोलिनच. कोणाच्या हाती लाकडी आडवी बासरी, कोणाच्या हाती पत्र्याची उभी बासरी. कोणाजवळ काँसर्टिना ही षट्कोनी भात्याची लहानशी पेटी, तर कोणाजवळ कोपराखालच्या भात्याने वारा भरावयाचे इलन पाइप. बकऱ्याच्या कातड्याने मढवलेला, डफासारखा दिसणारा बोरानही एखादा असतो. व्यासपीठ नाही, तिकीट नाही, पुढे स्वरलिपीचा कागद नाही. श्रोत्यांकडे निम्म्या वादकांची पाठ असते आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही.

बैठकीचा कायदा लिहिलेला नसला तरी मोठा कडक असतो. कोणीतरी एखादी चाल उचलतो; चार-सहा स्वर कानी पडताच ज्यांना ती येते ते तिच्यात सामील होतात. ज्याला येत नाही त्याने वाद्य मांडीवर ठेवावे आणि ऐकावे. अंदाजाने चाचपडत वाजवणे हा तेथे असभ्यपणा समजला जातो. मूक बसणे हा मात्र अपमान नव्हे. उत्तम वादकसुद्धा अर्धा अर्धा तास स्वस्थ बसलेले मी पाहिले आहेत.

या चालींची बांधणी मोठी सुटसुटीत असते. आपल्या अस्थायी-अंतऱ्याची आठवण व्हावी असे बहुधा दोन भाग. प्रत्येक भाग तालाच्या आठ मापांचा आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवावयाचा. एकूण बत्तीस मापे झाली की चाल संपली. दुसरा भाग बहुतेक वेळा वरच्या सप्तकाकडे झुकतो. सहा मात्रांच्या, तीन-तीनच्या उड्या मारीत चालणाऱ्या चालीला जिग म्हणतात. चारांच्या लयीत सरळ धावणारी ती रील. नऊ मात्रांची, झोके घेत जाणारी ती स्लिप जिग. रीलचा एक फेरा अर्ध्या मिनिटाच्या आसपास आटोपतो. दोन-तीन फेरे झाले की कोठेही न थांबता दुसरी चाल, मग तिसरी. एवढ्याशा जागेत वादकाने आपले कौशल्य दाखवावयाचे ते एखाद्या गिरकीने, एखाद्या लांब स्वराच्या जागी तीन छोटे स्वर पेरून, किंवा जेथे सर्वजण श्वास घेतात तेथे न घेऊन.

आता एखाद्याने ‘केश जिग’ उचलली असे समजा. किंवा ‘ड्राउझी मॅगी’, ‘द सिल्व्हर स्पिअर’, ‘कूलीज रील’ अथवा ‘द बटरफ्लाय’. या चाली नवशिक्यालाही येतात. डब्लिनपासून टोकिओपर्यंत जेथे जेथे अशी बैठक भरते तेथे तेथे त्या वाजतात. आणि म्हणूनच, त्यांचे पहिले स्वर उमटताच बैठकीतल्या एखाद्या मुरलेल्या वादकाची दृष्टी हळूच छताकडे वळते, किंवा आपला पेला रिकामा झाला आहे याची त्याला एकाएकी आठवण होते.

त्या दृष्टिक्षेपाला उत्तर द्यावयाचे तर थोड्या इतिहासात शिरले पाहिजे. टेबलाभोवतीचा तो मेळा पाहून ही रीत पुराणकाळापासून चालत आली असावी असे पाहुण्याला वाटते. वस्तुतः चाली जुन्या, परंतु बैठक नवी आहे. पूर्वी हे संगीत नाचासाठी असे. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात किंवा चार रस्ते मिळतात तेथे लोक जमत. एखादा फिडलवाला वा पाइपवाला वाजवी आणि बाकीचे नाचत. 1935 साली आयर्लंडात सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा झाला. परवान्यावाचून नाच भरवणे गुन्हा ठरले, आणि त्या कायद्याचा आधार घेऊन कित्येक ठिकाणी घरगुती नाचसुद्धा बंद पाडण्यात आले. पुढे दुसरे महायुद्ध संपले आणि बेकारीला कंटाळलेले हजारो आयरिश तरुण लंडनचे रस्ते खणावयास व घरे बांधावयास गेले. भाड्याच्या एका खोलीत पाहुणा बसवावयाची सोय कोठून असणार? दिवसभर कुदळ चालवलेली ही माणसे संध्याकाळी कॅम्डन टाउन आणि हॉलोवे या भागांतल्या पानगृहांत जमू लागली, आणि आज आपण पाहतो ती बैठक मुख्यतः तेथे आकारास आली. 1951 मध्ये मलिंगार येथे पारंपरिक संगीताची ‘कोल्टस’ ही संस्था स्थापन झाली, पहिला संगीतमेळा त्याच वर्षी तेथेच भरला, आणि पुढील दोन दशकांत ही रीत मायदेशी घट्ट रुजली.

लंडनच्या त्या पानगृहातील पहिल्या काही संध्याकाळी कशा गेल्या असतील याचा विचार मी पुष्कळदा करतो. एक जण स्लायगो परगण्याचा, दुसरा क्लेअरचा, तिसरा केरीच्या डोंगरातला. केरीचा वादक पोलका वाजवण्यात रमणारा, तर डोनेगॉलच्या वादकाला त्या परक्या. प्रत्येकाजवळ आपल्या खोऱ्यातल्या, आपल्या चुलत्याकडून उचललेल्या चालींची शिदोरी. पण ती सोडली तर शेजारच्याने वाद्य मांडीवर ठेवावयाचे. अशा वेळी सर्वांना येते अशी एखादी तरी चाल असणे ही चैनीची बाब नव्हती. ती नसती तर त्या टेबलाभोवती तीन एकटी माणसे आळीपाळीने एकटीच वाजवीत बसली असती. लोकप्रिय चाल ही परमुलुखात भेटलेल्या माणसांची बोलीभाषा होती.

मात्र दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण छताकडे पाहणाऱ्या वादकाचे गाऱ्हाणे पोकळ नाही. ही सर्वांना येणारी चाल सर्वांपर्यंत पोचली कशी? काही अंशी पुस्तकांनी. कॉर्क परगण्यात 1848 साली जन्मलेला फ्रान्सिस ओनील हा अमेरिकेत जाऊन 1901 मध्ये शिकागो शहराचा पोलीसप्रमुख झाला. या गृहस्थाने आयरिश वादकांकडून चाली गोळा करून 1903 साली 1850 चालींचा प्रचंड संग्रह छापला, आणि 1907 साली नाचाच्या 1001 चालींचा दुसरा. वादकांच्या कित्येक घरांत हा दुसरा ग्रंथ नुसता ‘पुस्तक’ या नावाने ओळखला जाई. पुस्तकाहून प्रबळ ठरली ती ग्रामोफोनची तबकडी. स्लायगोचा मायकेल कोलमन, जन्म 1891, हा न्यूयॉर्कला जाऊन राहिला आणि 1920 नंतरच्या दीड दशकात त्याने फिडलच्या पुष्कळ तबकड्या भरल्या. त्या आगबोटीने आयर्लंडात परत आल्या आणि खेडोपाडी वाजू लागल्या. त्यांतले तेज असे काही होते की आपल्या बापाची वाजवण्याची तऱ्हा सोडून तरुण मुले कोलमनची नक्कल करू लागली. 1934 साली त्याने ‘द टारबोल्टन’, ‘द लाँगफोर्ड कलेक्टर’ व ‘द सेलर्स बॉनेट’ अशा तीन रीली एकापाठोपाठ एक वाजवल्या. तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास वादन मावत असे. त्या तीन मिनिटांत त्या दिवशी जो क्रम जमला, तो आजही बैठकीत जसाच्या तसा चालतो. पुढे 1975 मध्ये बॉथी बँड या मंडळींनी आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा आरंभ ‘केश जिग’ने केला, आणि त्या चालीचा बोलबाला आणखी वाढला.

अशा रीतीने काही चाली जगभर गेल्या, आणि ज्या तबकडीवर आल्या नाहीत त्यांपैकी कितीतरी आपापल्या खोऱ्यातल्या शेवटच्या म्हाताऱ्याबरोबर मातीत गेल्या असतील. लोकप्रियतेची ही किंमत लहान नाही. एक रस्ता रुंद झाला म्हणजे दहा पाऊलवाटांवर गवत वाढते, हे खरेच. म्हणून दुर्मिळ चाल जपणाऱ्या वादकाविषयी मला आदरच वाटतो. तो नसता तर बैठकीत नवीन ऐकावयास काहीच उरले नसते.

तरीही क्लेअर परगण्यातली हिवाळ्याची एक संध्याकाळ मला आठवते. बाहेर समुद्रावरून येणारा पाऊस खिडकीवर आपटत होता. त्या दिवशी जमलेले सातही वादक पट्टीचे होते. एकाहून एक अनवट चाली निघत होत्या, आणि आम्ही ऐकणारे धन्य होत होतो. एका वृद्ध फिडलवाल्याच्या शेजारी त्याची दहा-अकरा वर्षांची नात बसली होती. तिच्या मांडीवर पत्र्याची बासरी होती. तासभर ती बासरी मांडीवरून हलली नाही. मुलीच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता. कायदा पाळणाऱ्याची गंभीर शिस्त होती. दोन चालींमधल्या विसाव्यात काँसर्टिना वाजवणाऱ्या एका प्रौढ बाईंनी तिच्याकडे वळून विचारले, “काय गं, तुझ्यापाशी एखादी चाल आहे का?” मुलीने आजोबांकडे पाहिले आणि हळू आवाजात नाव सांगितले. ती ‘केश जिग’ होती.

छताकडे कोणीही पाहिले नाही. मुलीने सुरुवात केली ती नेहमीहून बरीच संथ, आणि त्या सात पट्टीच्या वादकांनी आपली लय तिच्या पावलाने चालवली. पहिल्या फेऱ्यात तिची बोटे थरथरत होती. दुसऱ्या फेऱ्यात बासरीवाल्याने खालच्या सप्तकात शिरून तिला स्वराची बैठक दिली. तिसऱ्या फेऱ्यात आजोबांनी एक अशी गिरकी घेतली की इतक्या वेळा ऐकलेली ती चाल मला क्षणभर अनोळखी वाटली. चाल संपल्यावर टाळ्या फारशा झाल्या नाहीत. बाईंनी नुसती मान डोलावली, मुलीने बासरी पुन्हा मांडीवर ठेवली, आणि अनवट चालींचा ओघ पुढे सुरू झाला. परंतु त्या टेबलाभोवती आता सात नव्हे, आठ वादक बसले होते. कोणत्याही दुर्मिळ चालीने हे काम झाले नसते.

त्या बाईंच्या प्रश्नाने आणखीही एक गंमत माझ्या ध्यानात आणून दिली. इंग्रजीत बोलतानासुद्धा आयरिश माणूस ‘चाल येते का’ असे न विचारता ‘चाल आहे का’ असे विचारतो, त्याचे मूळ त्याच्या जुन्या भाषेत आहे. आयरिश भाषेत एखादी वस्तू बाळगण्याचे, तिच्यावर मालकी सांगण्याचे इंग्रजीसारखे क्रियापदच नाही. वस्तू माझ्यापाशी असते, एवढेच ती भाषा म्हणते; चालही माझ्यापाशी असते, आणि भाषा येत असली तरी ती भाषा माझ्यापाशी आहे असेच म्हणावयाचे. मराठी कानाला हे सांगावयास नकोच. आपलेही पैसे आपल्याजवळ असतात आणि आपल्यालाही गाणे ‘येते’. जे माझ्यापाशी आहे ते त्याच वेळी तुमच्यापाशी असावयास काही हरकत नाही. पैशाच्या बाबतीत हे जमत नाही. चालीच्या बाबतीत जमते. लोकप्रिय चाल म्हणजे जास्तीत जास्त माणसांपाशी असलेली चाल, एवढाच तिचा अर्थ.

आणि ती जितक्या जणांपाशी जाते तितकी ती कोणा एकाची उरत नाही. ‘मॉरिसन्स जिग’ स्लायगोच्या जेम्स मॉरिसनच्या नावाने चालते, पण त्याला ती मिळाली केरीच्या टॉम कारमोडी या अकॉर्डियनवाल्याकडून. ‘द हंटर्स हाउस’ ही रील ऐकताना, कॅव्हन परगण्यातून फिलाडेल्फियाला गेलेल्या एड रीव्ही नावाच्या प्लंबरने ती रचली असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. पूर्व गॉलवेचा पॅडी फाही, 1916 ते 2019, याने कितीतरी सुंदर चाली रचल्या आणि एकीलाही नाव दिले नाही; परिणाम असा की वादक त्या सगळ्यांनाच ‘पॅडी फाहीज’ म्हणतात, आणि त्यांतली नेमकी कोणती हे सांगावयास वाजवूनच दाखवावे लागते. ज्या चालीचे नाव कोणालाच ठाऊक नाही, तिच्यासाठी आयरिश भाषेत ‘गन अनिम’, म्हणजे ‘निनावी’, असा शब्द आहे. ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवरही तो तसाच छापतात.

देवळाचा उंबरठा झिजलेला दिसला तर देऊळ जुनाट झाले म्हणून आपण नाक मुरडीत नाही. किती पावले येथून आत गेली असतील याचा अंदाज करतो. झिजलेल्या चालीकडेही मी त्याच नजरेने पाहतो. गाभारा आत आहे, आणि तेथील दुर्मिळ वस्तू जाणकारांनी जरूर सांभाळाव्यात. परंतु आत जावयाचे ते उंबरठ्यावरूनच. ‘केश जिग’ सुरू झाली आणि कोणाला आपल्या रिकाम्या पेल्याची आठवण झाली, तर त्याने तो खुशाल भरून आणावा. तो परत येईपर्यंत तिसरा फेरा चालू असेल, आणि त्याची खुर्ची कोणी घेतलेली नसेल.