कचारगडची वाट आणि खेळातील कसोटी

कोणताही खेळ सोपा केला की त्यातील कौशल्य लयास जाते, असे आमचे पूर्वी ठाम मत होते. ते आम्ही चारचौघांत मोठ्याने बोलून दाखविले, त्यामुळे एका मित्राचे मन दुखावले, आणि पुढे कचारगडाहून परतताना ते मत आम्हांस तपासून पाहावे लागले. ती हकीकत वाचकबंधुभगिनींस सादर करितो.

स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने आम्ही वसतिगृहातील नववीच्या मुलांनी व्हिडिओ गेमचे सामने भरविण्याचे ठरविले. खेळ निवडला तो ‘स्ट्रीट फायटर ६’. ज्या पालकांस हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्याकरिता दोन शब्द सांगणे अवश्य आहे. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात व त्यांचे द्वंद्व चालते. जुन्या पद्धतीत माराची सहा बटणे असतात. एखादा खास डाव टाकावयाचा, तर दिशेची कळ खालून पुढे अशी पाव वर्तुळात फिरवून त्याच क्षणी योग्य ते बटण दाबावे लागते. हे सर्व निमिषार्धात साधले पाहिजे. बोट जरा चुकले की डाव फसला. २०२३ साली निघालेल्या ह्या सहाव्या आवृत्तीत ‘मॉडर्न’ नावाची दुसरी पद्धतही दिलेली आहे. तीत बटणे कमी असून एक दिशा व एक बटण एवढ्यानेच खास डाव पडतो.

आमच्या एका मित्राच्या उजव्या हाताची तीन बोटे जन्मतःच वळत नाहीत. नाव नोंदविताना तो म्हणाला, “मी मॉडर्न पद्धतीने खेळेन.” त्याबरोबर आमच्यापैकी एकजण उसळून म्हणाला, “आम्ही सहा महिने अंगठ्याला घट्टे पडेपर्यंत सराव केला, आणि हा एक बटण दाबून तेच करणार! मग आमच्या मेहनतीला किंमत काय?” आम्हां बहुतेकांस हे पटले. सर्वांनी जुन्याच पद्धतीने खेळावे, असा ठराव आम्ही हात वर करून संमत केला. आमचा मित्र काही बोलला नाही. त्याने यादीतील आपले नाव स्वतःच्या हाताने खोडले आणि तो खोलीबाहेर गेला.

त्यानंतर आठच दिवसांनी आमची सहल कचारगडास गेली. हे ठिकाण गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात आहे. दरेकसा स्थानकावर आम्ही आगगाडीतून उतरलो आणि धनेगावाकडून डोंगराची वाट धरली. दाट रान, पायांखाली वाळलेली पाने, आणि वर चढत जाणारी दगडांची वाट! एका अवघड खडकाशी दोन्ही हातांनी पकड घेऊन वर जावे लागले. तेथे आमचा मित्र अडखळला. सामन्याच्या वेळी जो उसळून बोलला होता तोच वर होता. त्याने वाकून हात दिला व मित्रास वर घेतले. त्या वेळी कोणासही काही वावगे वाटले नाही.

कचारगड हे गोंड समाजाचे परम श्रद्धास्थान आहे. माघी पौर्णिमेच्या यात्रेस निरनिराळ्या राज्यांतून गोंड बांधव येथे येतात. आमच्या वर्गात गोंड समाजातील एक मुलगा आहे. गुहेच्या विशाल तोंडाशी आम्ही विसावलो असता त्याने आपल्या आजीकडून ऐकलेली कथा सांगितली. माता कली कंकालीची तेहतीस मुले ह्या गुहेत कोंडली गेली होती आणि गुहेच्या तोंडाशी प्रचंड शिळा होती. हिरासुका नावाच्या वादकाने आपल्या सुरांनी त्या मुलांच्या अंगी बळ आणले. मुलांनी शिळा ढकलली. परंतु ती गडगडत येताना तिच्याखाली सापडून हिरासुकाचा अंत झाला. पुढे पहांदी पारी कुपार लिंगो ह्यांनी त्या मुलांस शिष्य करून घेतले आणि कोया पुनेमची शिकवण दिली.

कथा संपल्यावर आमच्यातील एकाने विचारले, “मग ती मुले शहाणी झाली ती त्या वाद्यामुळेच ना?”

“छे रे,” तो म्हणाला, “वाद्यामुळे ती बाहेर आली. शिकावे तर त्यांचे त्यांनाच लागले.”

हे वाक्य त्याने सहज उच्चारले, सामन्यांचा विचार त्याच्या मनातही नसावा. परंतु आम्ही ठरावास हात वर करणारे एकमेकांकडे पाहू लागलो. परतीच्या गाडीत ह्याच गोष्टीचा ऊहापोह झाला, व त्यातून आम्हांस जे सुचले ते येथे मांडतो.

प्रत्येक खेळात दोन प्रकारच्या अडचणी असतात. एक अडचण म्हणजे त्या खेळाची कसोटी; दुसरी केवळ दाराशी पडलेली शिळा. बुद्धिबळाचेच उदाहरण घ्या. अंध खेळाडूंच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घरास भोक असून त्यात मोहरे बसते, काळ्या मोहऱ्यांना स्पर्शाने ओळखू येईल अशी खूण असते, आणि प्रत्येक चाल तोंडाने उच्चारली जाते. ह्यामुळे बुद्धिबळ सोपे झाले असे कोणी म्हणेल काय? अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू आवाज करणारा असतो व तो हात खालून फिरवून टाकतात. पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट मोजल्या जातात. ह्या खेळाचा पहिला विश्वचषक १९९८ साली दिल्लीत झाला. नुसत्या आवाजावरून चेंडू टोलविण्यास जे कौशल्य लागते ते आम्हां डोळसांपैकी कितीजणांस साधेल?

तथापि दुसरी बाजूही आम्ही नजरेआड करीत नाही. नेमबाजीच्या खेळात यंत्रानेच नेम धरून दिला, तर उरले काय? तेथे नेम हीच कसोटी आहे; ती काढली की खेळच संपला. म्हणून सवलत देण्यापूर्वी, हा खेळ नेमके काय पारखतो, हे विचारणे अवश्य आहे. आमच्या खेळात बोटांच्या चपळाईला महत्त्व आहे, हे खरे. आणि सहा महिने सराव करणाऱ्या मित्राचा राग अगदीच अनाठायी नव्हता. परंतु अंतर राखणे, वेळ साधणे आणि प्रतिपक्षाच्या मनात काय आहे हे ताडणे, ही त्याहून मोठी अंगे आहेत. खेळ रचणाऱ्यांनीही हा तोल सांभाळला आहे. मॉडर्न पद्धतीत सोप्या रीतीने टाकलेल्या खास डावाचा मार २० टक्क्यांनी कमी होतो, आणि काही साधे मार तर मुळी मिळतच नाहीत. म्हणजे सवलत फुकट नाही; तिचे मोल खेळाडूस चुकवावे लागते. इतका विचार खेळ रचणाऱ्यांनी केला असता आम्ही मात्र दहा मिनिटांत ठराव करून मोकळे झालो होतो!

दुसऱ्या दिवशी आम्ही तो ठराव मागे घेतला. मित्राची क्षमा मागण्यास प्रथम गेला तो उसळून बोलणाराच. मित्राने बराच वेळ उत्तर दिले नाही. शेवटी म्हणाला, “नाव लिहितो. पण दया म्हणून कोणी हरायचे नाही.”

सामने झाले. पहिल्या फेरीत त्याने आमच्यापैकी एकास स्वच्छ हरविले. दुसऱ्या फेरीत त्याची गाठ त्या सराव करणाऱ्या मित्राशीच पडली. कोंडीत सापडला की आमचा मित्र दर वेळी एकच डाव टाकतो, हे त्याने दोन झटापटींत हेरले. तो थांबला, तो डाव वाया जाऊ दिला आणि मग चढाई करून सामना जिंकला. जिंकला तो बोटांच्या चपळाईने नव्हे, तर निरीक्षणाने.

सामन्यानंतर आमचा मित्र हसत म्हणाला, “डाव तर पडत होता रे, पण केव्हा टाकावा तेच उमगेना.” त्यावर जिंकणारा उत्तरला, “रोज संध्याकाळी ये, दोघे मिळून सराव करू.”

हल्ली अभ्यास संपल्यावर ते दोघे अर्धा तास खेळतात. आता मधूनमधून आमचा मित्रही जिंकतो, आणि तो जिंकला म्हणून आपली मेहनत फुकट गेली, असे दुसऱ्याच्या तोंडून आम्ही पुन्हा कधी ऐकलेले नाही.